मामांचा होकार

पुंजाराममामांच्या होकाराशिवाय मखमलाबादच्या त्या घरात लग्न ठरत नसे, आणि मामा होकार देत नसत. भाची दिशाची तीन स्थळं त्यांनी मोडली होती. एकाचे कान मोठे, दुसऱ्याची नोकरी लांब, तिसऱ्याच्या घरी चहा पाणचट. खरं दुखणं वेगळंच होतं. भाचीचं लग्न म्हटलं की मामाला खिशात हात घालावा लागतो, आणि मामांच्या हाताला ती वाटच ठाऊक नव्हती.

चौथं स्थळ पिंपळगावचं. मुलगा समर्थ कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर, दिशाला मनापासून आवडलेला. मामा आता काय खोट काढतो या धसक्याने तिला सकाळपासून घास गेला नव्हता.

मामा आले ते नवा चष्मा मिरवतच. एकाच काचेत वर लांबचं, मध्ये मधलं, खाली जवळचं! दुकानदाराने बजावलं होतं, "काका, नुसते डोळे नाही, मान हलवायची. सवय व्हायला वेळ लागतो." "तो इतरांना," मामा म्हणाले होते. उंबरठ्यावरच ठेचकाळले, तरी "फरशी वर-खाली बसवलीय तुमची," असं बहिणीलाच, साधनाला, सुनावलं.

पाहुणे आले, मुलाचा बायोडाटा मामांच्या हातात आला. मामा खोट शोधायला बसले, पण अक्षरं सापडेनात. हनुवटी वर केली तर नाव दिसलं, खाली केली तर गेलं. पुन्हा वर, पुन्हा खाली.

"मंग मामा, पसंत हाय ना पोरगा?" मुलाच्या वडिलांनी, वाल्मीकरावांनी विचारलं.

मान वर, मान खाली.

"आला होकार!" कुणीतरी ओरडलं. मामा तोंड उघडतात तोच त्यात पेढा गेला.

"आन् नवरीचा शालू मामाकडून, काय?" वाल्मीकरावांनी पुढचं विचारलं.

मामा नेमके शिक्षणाच्या ओळीवर होते. मान वर, मान खाली. टाळ्या पडल्या. 'मला दिसत नाहीये हो,' एवढं म्हटलं असतं तरी सुटले असते. पण चष्म्याची फुशारकी गावभर मारून झालेली! त्यांनी पेढा गिळला आणि पुन्हा बायोडाट्यात डोकं घातलं.

वाल्मीकरावांना चेव आला. "राहता राहिली चारचाकी. तेवढी देऊन टाका पोराला."

साधनाचा चेहरा उतरला. मामांना आवाज ऐकू आला, पण बोलणारा काचेच्या कडेला धूसर झाला होता. त्याला शोधायला त्यांनी मान उजवीकडे फिरवली, डावीकडे फिरवली, पुन्हा उजवीकडे. अगदी सावकाश.

"मामा नाही म्हणतायत," कुणीतरी पुटपुटलं.

"म्हटलं होतं ना अण्णा, मागू नका!" समर्थ वडिलांवर करवादला.

"आरं, सहज इचारलं," वाल्मीकराव ओशाळले. "राहू द्या मामा, काय नाय लागत."

पाहुणे गेल्यावर दिशा मामांच्या गळ्यात पडून रडली. मामांना चक्क बरं वाटलं, आणि त्याचाच त्यांना राग आला. साधनाने त्यांचा हात धरून पायरी उतरवली.

"दादा," ती हळूच म्हणाली, "पुढच्या वर्षी धाकटीचं बघायचंय. हाच चष्मा घालून ये हं."