सोनवणेकाकांचा रोमन

कुणाचीही कविता ऐकली की सोनवणेकाका एकच प्रश्न विचारतात, "ह्याचा बाप काय करत होता?"

मागे पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत कविसंमेलन झालं. एका तरुण कवीने भातलावणीवर कविता म्हटली. टाळ्या थांबायच्या आत काका उठले.

"वडील काय करतात?"

"बँकेत आहेत."

"मग एवढा चिखल कुठून आणलास, राव?"

काका उभी हयात चिंचवडच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होते. निवृत्त झाले, पण तपासणी सुटली नाही. भाजीवाल्याची गवार असो की माझ्या मुलीचा निबंध, डोळ्यांजवळ धरून म्हणणार, "चालेल," नाहीतर "रिवर्क!" शिफ्टला जाता-येता, कंपनीच्या बसमध्ये डिक्शनरी मांडीवर ठेवून त्यांनी दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका रोमन कवीचं पुस्तक वाचून काढलं. तेव्हापासून तो "आमचा रोमन".

"भावा, त्याचा बाप गुलाम होता," ते मला लिफ्टमध्ये गाठून सांगतात. "सुटल्यावर पोराला गावच्या शाळेत नाही घातलं, थेट रोमला नेलं! मास्तरांकडे स्वतः सोबत जायचा. म्हणून तर पोराच्या लिहिण्यात शोबाजी नाही. पुढं बड्या लोकांत ऊठबस झाली, पण बाप लपवला नाही. लिहून ठेवला!" तोवर माझा मजला खाली राहिलेला असतो.

शेवटी मीच म्हटलं, काका, एकदा सगळ्यांनाच सांगा. रविवारी दुपारी क्लबहाउसात भाषण ठरलं. तेरा माणसं आली, त्यातली चार एसीसाठी. काकांच्या पत्नी, शालनकाकू, पहिल्या रांगेत. काका रंगात आले. बाप पोराबरोबर मास्तरांकडे कसा जायचा, ते तर चालून दाखवलं. मग "बाप लपवला नाही" म्हणाले आणि उगाच माइकची वायर सरळ करत राहिले.

"मी लपवला," ते म्हणाले. "आमचे दादा, म्हणजे वडील, त्याच कंपनीत झाडू मारायचे. त्यांच्याच खटपटीनं मला अप्रेंटिस म्हणून घेतलं. पहिल्या दिवशी ते मला बघायला आमच्या मशीन शॉपमध्ये आले. सोबतच्या पोरांनी विचारलं, हे कोण? मी म्हणालो, गावाकडचे ओळखीचे. दादांनी ऐकलं. झाडत झाडत पुढं गेले. पुन्हा कधी आमच्या शॉपकडं फिरकले नाहीत. माफी मागू, मागू म्हणत राहिलो, आणि ते गेले."

शालनकाकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मला माहीत आहे ते."

"कुणी सांगितलं?"

"मामंजींनीच. आपलं लग्न नवीन होतं तेव्हा, जेवता जेवता. म्हणाले, पोरगं घाबरलं व्हतं गं. नवा युनिफॉर्म, नवी माणसं. मी बी घाबरलो असतो. आणि हसत होते."

"हसत होते?"

"ठसका लागेपर्यंत."

"मग इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कधी विषय काढलात? रोमच्या बाहेर आलात कधी?"

सगळे हसले. काकाही हसले, चष्मा काढून डोळे पुसत. भाषण तिथेच संपलं.

आम्ही खुर्च्या आवरायला लागलो. काका काकूंच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले होते आणि हळूच विचारत होते, "अजून काय काय म्हणायचे गं दादा?"