चांदणीचा ठिपका

आमच्या घरात एक नियम आहे. अंड्यात लाल ठिपका निघाला, की ते घालणारी कोंबडी दिवस मावळायच्या आत कापायची. का, असं विचारायचं नाही. (बी.एस्सी. करणाऱ्या मुलीनं तर नाहीच. तिच्यासाठी वेगळेही नियम आहेत: टिकली काढून आरशावर चिकटवायची नाही, कपाटावर नाही, नळावर तर मुळीच नाही.)

नियमाची राखणदार द्वारकाआत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण. रझाकारांच्या वेळी तिच्या सासूनं म्हणे ठिपक्याची कोंबडी ठेवून घेतली, आणि आठवड्यात गाव सोडून पळावं लागलं. मी एकदा म्हणाले, पळालं तर अख्खं गाव. मग अख्ख्या गावाच्या अंड्यांत ठिपके होते का? त्या दिवशी माझ्या ताटात लोणचं आलं नाही.

परवाच्या रविवारी तात्या, माझे चुलते, परसात आम्लेट करत होते. (अंडं आमच्या स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडत नाही. त्याची शेगडी वेगळी, तवा वेगळा, करणारे पुरुष. खाणारे मात्र सगळे.) त्यांनी वाटीत अंडं फोडलं आणि त्यांचा हात थांबला. बलकावर मसुरीएवढा लाल ठिपका होता.

आत्यानं चौकशी केली नाही, साक्षीपुरावा मागितला नाही.

"चांदणीचंच हाय," ती म्हणाली. "जिच्या अंगावर ठिपके, तिच्या पोटात बी ठिपके."

चांदणी ही माझी काळी-पांढरी कोंबडी. पिल्लू होती तेव्हापासून हातानं कण्या भरवून मी तिला वाढवलं. मी अभ्यासाला बसले की ती माझ्या पायाशी बसते. (घरात माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारी ती एकटीच.) तात्यांनी शेजारच्या बद्रीनाथला निरोपही धाडला: संध्याकाळी सुरा घेऊन ये.

मी तिथं रडले असते तरी भागलं असतं. पण मी म्हणाले, "सिद्ध करून दाखवते."

अंडं तयार होताना कोंबडीच्या पोटात एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली, की ठिपका पडतो. कुठल्याही कोंबडीचं होऊ शकतं. आठवडाभरची अंडी टोपलीत होतीच. अंधारात बॅटरीच्या काचेवर अंडं धरलं की आतलं दिसतं. आता आमच्या घरात दिवसाढवळ्या अंधार फक्त न्हाणीघरात. म्हणून तात्या पाटावर, आत्या बंबाशेजारी, आई हंड्याला चिकटून, आणि मधोमध मी, माझ्या उशाची बॅटरी घेऊन. दार लावून घेतलं.

पहिल्या अंड्यात ठिपका. दुसऱ्यात ठिपका. तिसऱ्यात, चौथ्यात, सगळ्या टोपलीत ठिपका. मला वाटलं होतं, एखाददुसरा सापडेल; इथं तर शास्त्र माझ्यावर पुरावे उधळत होतं. सगळे ठिपके अगदी एकाच जागी होते, तेव्हा "निसर्गाची शिस्त बघा," असंही मी सरांच्या आवाजात म्हणाले.

बाहेर येऊन मी विजयी मुद्रेनं विचारलं, "मग आता काय, सगळ्याच कापणार?"

"व्हय," आत्या म्हणाली.

तात्यांनी बद्रीनाथला दुसरा निरोप धाडला: मोठं पातेलंही आण.

एक कोंबडी वाचवायला गेले आणि सगळं खुराडं फासावर चढवून बसले. दिवस मावळायला आला तेव्हा बद्रीनाथ आला. कंची, म्हणून त्यानं विचारलं, सगळ्या हे उत्तर ऐकलं, आणि मसाला पुरेल का याच्या काळजीत पडला. तात्या खुराड्यात डोकवायला बॅटरी घेऊन निघाले. मी चांदणीला काखेत मारलं आणि खुराड्याच्या दाराला पाठ लावून उभी राहिले.

"एकही कापू देणार नाही. ठिपका सगळ्याच अंड्यांत असतो. इतकी वर्षं तुम्ही तेच खाताय, आणि अजून कुणी घर सोडून पळालेलं नाही. हा नियम मी पाळणार नाही."

आत्या गप्प झाली. तात्या गप्प. आई तर आधीपासूनच गप्प होती. सत्यापुढं माणसं अशीच निरुत्तर होतात, म्हणून मी ती शांतता जरा मुरू दिली. मग लक्षात आलं, माझ्याकडं कुणीच बघत नाही. सगळे तात्यांच्या हातातल्या बॅटरीकडं बघताहेत. तात्या तिची काच नखानं खरवडत होते. नखावर एक गोल, तांबडी टिकली आली.

आदल्या रात्री झोपताना मी काढलेली.

आत्यानं माझ्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं.

"बद्रीनाथ, जा घरी," तात्या म्हणाले. "ठिपके घालणारी येगळीच निघाली. आन् दिवस बी मावळला."

चांदणी वाचली. वाचल्या वाचल्या तिनं माझ्या काखेतून मान लांबवली, तात्यांच्या बोटावरची टिकली टिपली आणि गिळून टाकली.

"आता उद्या हिच्या अंड्यात ठिपका निघाला," आत्यानं शांतपणे विचारलं, "तर तो कोंबडीचा धरायचा, का तुझा?"

असे प्रश्न विचारायचे नाहीत, असा नियम मी तिथंच करून टाकला.