गुडघ्याची रेशमी गादी

फ्रीजमधला डबा उघडला आणि सुनेच्या पायाखालची जमीन सरकली. डब्यात नुसतं मिठाचं पाणी! रेशमाचे कोष उकळून, विरघळवून, गोठवून तिने प्रयोगशाळेत दोन स्पंजी चकत्या केल्या होत्या. झिजलेल्या गुडघ्यात शस्त्रक्रियेने त्या बसवायच्या आणि त्यांच्या आधाराने नवी कूर्चा वाढू द्यायची, असा बेत होता. आज निधी देणाऱ्या समितीला त्या पटल्या नाहीत, तर तिच्या संशोधनाला कायमचं टाळं लागणार होतं.

"आई, डब्यातल्या चकत्या कुठायत?"

"चकत्या कसल्या? गाद्या म्हण की!" सासूबाई तुरुतुरु चालत आल्या. "काल फोनवर तूच सांगत होतीस ना, गुडघ्याच्या गाद्या तयार आहेत, फ्रीजमध्ये ठेवल्यात? म्हटलं, पोरीने न सांगता माझी सोय केली. आज गुडघे टेकून सगळं घर पुसलं मी!"

"अहो, त्या आत बसवायच्या असतात!"

"आतच बसवल्यात. नी-कॅपच्या आत."

सुनेने कपाळाला हात लावला. "काढा आधी!"

"अजिबात नाही. किती दिवसांनी गुडघे गप्प बसलेत."

वाद घालायला वेळ कुठे होता? तिने डबा उचलला आणि गाद्यांसकट सासूबाईंना टॅक्सीत घातलं.

समितीचे अध्यक्ष हाडांचे डॉक्टर आणि हाडाचे संशयी. "माणसाचं वजन पडल्यावर तुमची चकती पुन्हा फुगते का? दाबयंत्राचे आकडे दाखवा."

सुनेने डबा उगाच टेबलावर पुढे सरकवला. "यंत्र... बंद पडलंय, सर."

"यंत्र कशाला हवं? मी आहे ना!" सासूबाई उठल्या. "सगळं घर पुसलंय यांच्यावर. आणि माझं वजन काय ते बघताच आहात."

त्यांनी नी-कॅपमधून गाद्या ओढून टेबलावर ठेवल्या. दोन्ही कागदासारख्या चपट्या. सुनेला रडूच फुटायचं बाकी होतं. तिने एक डब्यातल्या पाण्यात सोडली. सगळी समिती डब्यावर वाकली. गादी हळूहळू फुलत गेली आणि होती तशी टम्म झाली!

टाळ्यांचा कडकडाट झाला. निधी जागच्या जागी मंजूर. सुनेने भर सभेत सासूबाईंना मिठी मारली. तिला इतका आनंद लग्नातही झाला नव्हता.

"आता दुसरी भिजवते," ती म्हणाली. पण दुसरी कुठेच नव्हती. शोधायला सासूबाई टेबलाखाली वाकल्या, तर अध्यक्षांच्या पँटचा एक पाय गुडघ्याच्या वर गुंडाळलेला आणि गुडघ्याला रुमालाने बांधलेली गादी.

"सर, बाहेरून बांधून काही उपयोग नसतो," सून संकोचून म्हणाली.

"माहीत आहे हो," अध्यक्ष पाय मागे घेत पुटपुटले. "पण इतक्यात काढायला लावू नका."