मित्सुएच्या डबीला पाणी लागलं

मित्सुएची चहाची डबी इसोगाईंनी भांडी घासायच्या साबणाने धुतली आणि ती लख्ख निघाली. तिथेच थांबले असते तर निभावलं असतं.

पण जपानातल्या मात्सुए शहराच्या पाणीपुरवठा खात्यात उभा जन्म गेलेला माणूस; पाण्याने कशाचं वाईट होतं हे त्यांना पटत नसे. बायको, मित्सुए, हयात असताना त्या काळ्याभोर डबीला बोट लावायची सोय नव्हती. "लाखेची आहे ती! नुसती रेशमी रुमालाने पुसायची. तुमचा हात लागला की सत्यानाश," असं ती चहाविधी शिकायला येणाऱ्या शिष्यांदेखत सुनवायची. आज तिचं वर्षश्राद्ध. डबी थोरल्या शिष्येला, सुमिएला द्या, असं जाताना सांगून गेली होती. नवऱ्यावर तिने विश्वासाने टाकलेलं ते एकमेव काम.

सकाळी त्यांनी तांदळाच्या डब्यातल्या चीर गेलेल्या काळ्या मापाने सवयीने दोघांचे तांदूळ मोजले, भात लावला आणि धुतलेली डबी भांडी वाळवायच्या यंत्रात ठेवली. बाहेर काढली तर झाकण वाकडं! आज याच डबीतून सुमिए फोटोपुढे चहा करणार होती. त्यांनी हिरवी चहापूड भरली, झाकण तळहाताने दाबलं. बसलं. इतकं बसलं की निघेना. तेवढ्यात सुमिए दारात.

"चहाचं राहू दे आज. डबी अशीच घेऊन जा," इसोगाई म्हणाले.

"असं कसं काका? आधी बाईंना चहा!"

तिने रेशमी रुमाल घडी घालून डबीवरून फिरवला, अलगद झाकण उचललं. डबीसकट हात वर आला.

"हवा दमट आहे," इसोगाई पुटपुटले.

"थंडीत?"

"दे इकडे!"

त्यांनी दोन्ही हातांनी हिसडा मारला. झाकण निघालं आणि चहापुडीचा ढग सावकाश देव्हाऱ्यावर उतरला. फोटोतली मित्सुए कपाळापासून हनुवटीपर्यंत हिरवी झाली. नजर मात्र जिवंतपणी असायची तीच.

इसोगाईंनी चटईला डोकं टेकलं. "मी धुतली. यंत्रात वाळवली. एकच काम सांगितलं होतं गं तिने..."

सुमिएने झाकण खिडकीच्या उजेडात धरलं. "काका, लाखेची डबी आतून लाकडाची असते. ती यंत्रात तडकते. वाकतं ते प्लास्टिक."

"म्हणजे?"

"खरी बाईंनीच तडकवली. ह्याच यंत्रात. मोठे पाहुणे यायचे होते, घाई झाली. मला शपथ घातली, 'ह्यांना कळलं तर जन्मभर ऐकावं लागेल.'"

"मग ही तुला द्यायचा हट्ट कशाला?"

"पुरावा घरात राहू नये म्हणून."

इसोगाईंनी वाकडं झाकण हातात घेऊन उलटंपालटं केलं. "आणि खरी?"

"खालचा भाग तांदळाच्या डब्यात टाकला होता. माप म्हणून."

शपथ तर मोडली होतीच; निदान बाईंची शेवटची इच्छा पाळायची म्हणून सुमिए वाकडी डबी घेऊन गेली.

संध्याकाळी इसोगाई ते माप घेऊन फोटोपुढे बसले. चीर बोटाने चाचपली. संसारात पहिल्यांदाच हुकमी पान हातात आलं होतं. त्यांनी घसा साफ केला.

"तुझा हात लागला की सत्यानाश," ते म्हणाले.

हिरव्या फोटोतून काही उलट उत्तर आलं नाही. थोडा वेळ वाट पाहून ते उठले आणि दोघांचे तांदूळ मोजायला लागले.