बाँडिंग कमी पडतंय

"बाँडिंग फारच बारीक आहे हो तुमच्याकडे," ओट्याखालून डोकं बाहेर काढत वायरमन म्हणाला आणि चिरंजीवांनी आधी आतल्या खोलीकडे पाहिलं.

चिरंजीवांनी हौसेनं नवा गिझर आणला होता. वायरमनचं म्हणणं, गॅसच्या आणि पाण्याच्या पाइपांना अर्थिंगशी जोडणारी ही बाँडिंगची हिरवी वायर आधी जाड करा, मग गिझरचं बघू. उद्या कुठे बिघाड झाला तर एवढीशी वायर काय पेलणार? म्हणणं सोळा आणे खरं. पण घरातलं सगळं वायरिंग बाबांनी स्वतःच्या हातांनी केलेलं! आल्यागेल्याला स्विचबोर्ड दाखवून ते म्हणायचे, "एकदा तरी फ्यूज उडालाय का, विचारा ह्याला." त्या वायरला नावं ठेवायची म्हणजे बाबांच्या काळजालाच हात घालायचा. चिरंजीवांचा बापावर भारी जीव.

"उद्या बाबा नसताना उरकून टाका," ते कुजबुजले. "त्यांना अक्षरही कळता कामा नये."

वायरमननं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

मग चिरंजीवांनी गॅलरीत जाऊन, दार लोटून, आत्याला फोन लावला. बाबा आत पेपर वाचत होते, त्यामुळे बोलणं दबक्या आवाजात आणि थोडक्यात.

"आत्या, घरात बाँडिंग कमी पडतंय गं. जुनं काढूनच टाकायचं ठरवलंय. पण बाबा असले की जमायचं नाही. उद्यापासून... म्हणजे उद्या त्यांना तुझ्याकडेच ठेवून घे. आणि त्यांना काही बोलू नकोस हं!"

आत्या घोगऱ्या आवाजात "बरं" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. किती समजूतदार बाई, असं चिरंजीवांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाबा पिशवी घेऊन बहिणीकडे गेले. वायरमननं मेन स्विच पाडला, जुनी वायर ओढून काढली, नवी जाडजूड वायर बसवली. शेवटचा क्लॅम्प आवळत असतानाच दारावर धाडधाड थापा पडू लागल्या. लाइट नसल्यामुळे बेल वाजत नव्हती.

"कुठाय तो कुलदीपक?" आत्या आत घुसली. मागे पिशवीसकट बाबा, गोंधळलेले. "बाँडिंग कमी पडलं म्हणून बापाला घराबाहेर काढतोस? जुनं काढून टाकतोस? अरे, ह्यानं तुला खांद्यावरून उतरू दिलं नाही कधी!"

"आत्या, अगं वायर..."

"वायरबियर मला सांगू नकोस!"

तेवढ्यात बाबांना फरशीवर पडलेली हिरवी वायर दिसली. त्यांनी ती उचलली, बोटांत फिरवली. चिरंजीवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, तुमचं काम वाईट नव्हतं हो. मला फक्त तुम्हाला दुखवायचं नव्हतं."

"बारीकच होती रे," बाबा हळूच म्हणाले. "तेव्हा तीच हाताशी होती. ओट्याखाली वाकलो की दरवेळी छातीत धस्स व्हायचं." मग ते वायरमनकडे वळले. "पण ही बदलायला तुम्ही तर परवा येणार होतात ना?"

"परवा?" चिरंजीव ओरडले.

"तू ऑफिसात असताना. एवढा मिरवणारा बाप! तुला कळलं असतं तर काय तोंड दाखवलं असतं?"

"मी तरी काय करू?" वायरमन काकुळतीला आला. "दोघांनीही तोंड उघडायला बंदी केलेली!"

बाबांना हसू फुटलं. त्यांनी चिरंजीवांच्या पाठीत एक धपाटा घातला. चिरंजीवांचे डोळे मात्र उगाच भरून आले.

"म्हणजे तुमच्यात बाँडिंगचं तसं काही कमी नाही?" आत्यानं संशयानं विचारलं.

"आता तर दणकट झालंय," वायरमन म्हणाला.

आत्या वाकून ओट्याखाली बघू लागली. बराच वेळ बघत राहिली. "दादा, माझ्या ओट्याखाली असलं काहीच नाही रे. माझ्याकडचं वायरिंगही तूच केलं होतंस ना?"

बाबा एकदम निरखून पंख्याकडे पाहू लागले. चिरंजीवांनी लगबगीनं आत्याच्या हातातली पर्स काढून घेतली.

"आत्या, तू उद्या दिवसभर आमच्याकडेच राहा."