योगराजचं मोजणीत न येणारं आंगण

योगराजने आधी फक्त एक ओटा बांधायचं ठरवलं होतं. नवं घर आहे, संध्याकाळी दारात चार घटका बसायला जागा हवी, बस, एवढंच. ओट्यामुळे कुणाचं वाटोळं झाल्याचं गोंदियाजवळच्या मुर्री गावात तरी कुणी ऐकलं नव्हतं.

पण योगराज हा साधा माणूस नव्हता. गोंदियात घरांचे नकाशे काढणाऱ्या एका इंजिनिअरकडे तो अठरा वर्षं क्लार्क होता. प्लॉटच्या किती भागावर बांधता येतं, चारी बाजूंनी किती मोकळं सोडायचं, हे त्याला पाढ्यांसारखं पाठ होतं. (पाढे मात्र त्याला तेरापर्यंतच यायचे.) स्वतःच्या घराचा नकाशा त्यानेच काढला, तो पहिल्याच खेपेला मंजूर झाला, आणि तेव्हापासून त्याची मान जी ताठ झाली ती झालीच.

"आता समोर सांबार लावीन, मिरच्या लावीन," बायको सुमनबाई पेरायचे धणे मुठीत घेऊन मोकळ्या जागेकडे पाहत म्हणाली.

"लाव ना. पण पह्यले एक ओटा बांधतो," योगराज म्हणाला. "ओट्यावर छत नाई. ज्याच्यावर छत नाई, ते मोजणीत येत नाई."

ही पळवाट त्याने स्वतः शोधली होती, आणि तिचा त्याला पोटच्या पोरीइतका अभिमान होता. ओट्याला पायऱ्या आल्या. त्याही मोजणीत येत नव्हत्या. धुणं धुवायला फरशी आली. मोटरसायकल चिखलात रुतू नये म्हणून सिमेंटचा पट्टा आला. मग पाण्याची टाकी, तीही जमिनीखाली. "खालची टाकी कोण मोजते?" असं म्हणून योगराज एकटाच हसला. मधे उरलेल्या जागेत भैय्यालाल मिस्त्रीने रंगीत ठोकळे बसवून दिले. दोन वर्षांत कागदावर आंगण जसंच्या तसं होतं, आणि जमिनीवर मूठभर मातीही उरली नव्हती.

"सांबार कुठं लावू?" सुमनबाईने विचारलं.

"कुंडीत."

शेजारी दुधराम राहायचा, रेल्वेतून रिटायर झालेला. त्याने नकाशात सोडली तेवढी जागा खरोखरच सोडली होती. शेणाने सारवलेलं आंगण, कडेला एक सीताफळ, आणि झाडाखाली खाट. योगराज कुंपणाच्या भिंतीवरून ते पाहायचा आणि त्याचा जीव तुटायचा.

"दुधरामभाऊ, एवढी जागा काऊन पडू देऊन राहिले?"

"पडून नाई ना ते. मी बसून राहतो तिथं."

अशा माणसापुढे डोकं काय फोडणार? योगराज घरात निघून जायचा.

आणि मग रिंकूचं लग्न ठरलं. योगराजची एकुलती एक पोर. पोरगा चांगला, घर चांगलं. योगराजच्या पायाला भिंगरी लागली. तो दिवसातून चार वेळा पत्रिकेतलं स्वतःचं नाव वाचायचा. "लग्न हॉलमध्ये लावू, पण मांडव माह्याच दारात," असं त्याने सगळ्यांना सांगून टाकलं. मांडव पडला की रिंकूला हळद लागणार, आणि संध्याकाळी नवरदेवाकडची माणसं त्यांची हळद घेऊन येणार, असा बेत होता.

मांडवाच्या दिवशी सकाळी गावाकडून, दरेकशाहून, टेम्पो आला. त्यात योगराजची आई देवकाबाई, जांभळाच्या डहाळ्या, आणि मांडवाचा पहिला खांब म्हणून रोवायची मोहाची हिरवी मेढ घेतलेला मेहुणा मनिराम. डफडं वाजू लागलं. बाया गाणी म्हणू लागल्या. मनिराम मेढ खांद्यावर घेऊन आंगणात आला, एक गोल चक्कर मारली, दुसरी मारली आणि थांबला.

"भाऊजी, गाडू कुठं?"

सगळ्यांनी खाली पाहिलं. योगराजनेही पाहिलं. इतक्या वर्षांत मोजणीच्या नादात त्याने आंगण असं कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्या पोटात खड्डा पडला. आंगणात मात्र तो पाडायला जागा नव्हती.

"थांबा, थांबा," तो म्हणाला आणि रंगाचा रिकामा डबा रेतीने भरून घेऊन आला. मनिरामने डब्यात मेढ उभी केली. सुमनबाई कुंकू लावायला वाकली, तशी मेढ हळूच कलली आणि योगराजच्या खांद्यावर येऊन विसावली.

"डब्यात तुळस लावतेत, मांडव नाई," देवकाबाई म्हणाली. "मेढ मातीत गेल्याबिगर माह्या नातीले हळद नाई लागत."

दारात हळदीची साडी नेसून उभी असलेली रिंकू रडवेली झाली. ते पाहून योगराजला राहवेना. भैय्यालाल मिस्त्री पाहुणा म्हणून आला होता, नवा पांढरा शर्ट घालून. योगराजने फरशी फोडायला त्याच्या हातात लोखंडी सब्बल दिली.

"इथं मारू?" भैय्यालालने विचारलं.

"तिथं संडासची टाकी आहे."

"मंग इथं?"

"तिथून पाइप गेला."

"मीच टाकला होता, पण मले आठवत नाई, भाऊ."

"मले आठवते. नकाशा माहा आहे," योगराज छाती काढून म्हणाला आणि ओट्याच्या कोपऱ्यावर पाय आपटला. "इथं मार. खाली निव्वळ माती आहे."

तिसऱ्या घावाला पाणी उडालं. मोटर चालू होती, त्यामुळे ते भैय्यालालच्या शर्टावरून थेट ओट्याच्या वर गेलं. हळदीची वाटी वाहून गेली. पोरं नाचायला लागली. डफडेवाल्यांना वाटलं, हा इकडचा काही रिवाज असेल, त्यांनी ताल वाढवला. योगराज पाण्याच्या भोकावर बसून ओरडत होता, "मोटर बंद करा," आणि बाया म्हणत होत्या की नवरीच्या बापाला पहिली आंघोळ घडली, शुभ झालं.

भिंतीपलीकडून दुधरामचं डोकं वर आलं.

"इकडं आणा ना मांडव. काऊन पाण्यात बसून राहिले?"

अख्खं लग्नघर फाटकातून फाटकात गेलं. मनिरामने सब्बलीचे चार घाव घातले, मऊ काळी माती निघाली, आणि मेढ ताठ उभी राहिली. डहाळ्या चढल्या. सुमनबाईने नवी हळद कालवली. रिंकूच्या गालाला पहिलं बोट लागलं तेव्हा ती हसली, आणि भिंतीपलीकडे पाइपाच्या तोंडात चिंध्या कोंबत असलेल्या योगराजला एकदम भरून आलं. लाजही वाटली. पण पोरीचा मांडव पडला होता, आणि त्या आनंदापुढे लाज फार वेळ टिकली नाही.

दुरुस्ती आटपून तो दुधरामच्या आंगणात पोहोचला तोवर संध्याकाळ झाली होती. नवरदेवाकडची हळद घेऊन रामलालमामा आले होते. हे मामा बैठकीलाही नव्हते आणि साक्षगंधालाही नव्हते, त्यांनी मुलीकडचं कुणालाच पाहिलेलं नव्हतं. मांडवाखाली खाटेवर बसलेल्या दुधरामला त्यांनी कडकडून मिठी मारली होती.

"समधीजी, आंगण पाहून दिल खूश झाला," मामा सांगत होते. "आजकाल लोक बोटभर माती सोडत नाईत. जो माणूस एवढी जागा सोडते, तो पोरीले संस्कार बराबरच देत असन."

दुधराम बिचारा "अजी मी नाई, अजी मी नाई" म्हणत होता, आणि मामांना तो त्याचा नम्रपणा वाटत होता.

गुडघ्यापर्यंत चिखल, हातात ओली चिंधी, अशा अवतारात योगराज पुढे झाला आणि घसा खाकरला.

"हे कोण?" मामांनी विचारलं.

देवकाबाईने लेकाला डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट पाहून घेतलं.

"हा बाजूचा आहे," ती शांतपणे म्हणाली. "बसा तुम्ही, चहा घ्या. बिचाऱ्याले आंगण नाई, म्हणून इथं येऊन बसते."