खैरखेड्याच्या यादवीत स्थानिकांचा हस्तक्षेप

खैरखेड्याच्या यादवीत यंदा अकरा परदेश उतरले, आणि संक्रांत आली तरी ती मिटली नाही. एरवी मिटायची. जत्रेत मानाचा नारळ आधी कुणी फोडायचा यावरून वरची आळी आणि खालची आळी दरवर्षी मार्गशीर्षात भांडण काढत, महिनाभर गोफणी चालवत, एकमेकींना विरजण देत नसत, आणि संक्रांतीला तिळगूळ वाटून मोकळ्या होत. कौलं फुटायची, माणसं शाबूत राहायची.

यंदा एका देशाने वरच्या आळीला गोफणी दिल्या. ते पाहून दुसऱ्याने खालच्या आळीला दगड पाठवले, तेही जहाजाने, जणू खैरखेड्यात दगडांचा दुष्काळ पडला होता. उरलेले नऊ समतोल राखायला आले. गावाने त्यांना अडवलं नाही, कारण पाहुण्याला आधी चहा द्यायचा आणि मग काम विचारायचं, ही गावची रीत. चहा उकळेपर्यंत तंबू ठोकून झाले होते.

वरच्या आळीतल्या दुर्पदाबाईला यातल्या कशाशीच देणंघेणं नव्हतं. तिची थोरली बहीण गोजराक्का खालच्या आळीत दिलेली. पदरी मूलबाळ नाही, नवरा कधीच गेलेला, आणि पौष लागताच अंगणात घसरून मांडीचं हाड मोडलेलं. दुर्पदाबाईचा जीव तुटत होता. मधे अंतर चाळीस पावलांचं. संक्रांतीला तिळगुळाचा डबा घेऊन ती निघाली, तर वाटेत टेबल मांडून निरीक्षक साहेब बसलेले.

“बाई, आपण स्थानिक आहात काय?” साहेबांचं मराठी पुस्तकातलं होतं.

“हितलीच की. जल्मच हितला.”

“मग दिलगीर आहे. या यादवीत स्थानिकांचा हस्तक्षेप फार वाढला आहे. अकराही देशांनी त्याचा निषेध केला आहे.”

“आवं, पर भांडान आमचंच हाय न्हवं?”

“सुरुवात आपण केलीत, हे आम्ही अहवालात आवर्जून नमूद केलं आहे,” साहेब आदराने म्हणाले.

“मंग पल्याड जातंय तरी कोन?”

“परदेशी नागरिक.”

दुर्पदाबाईने डबा टेबलावर आपटला. “मंग मला करा परदेशी.”

नकाशावर मोहरीएवढं दिसणारं एक बेट होतं. त्यालाही या यादवीत उतरायचं होतं, पण पाठवायला माणूस नव्हता. दुर्पदाबाईने अंगठा उठवला, पंधरा मिनिटांत बेटाची राजदूत झाली आणि चाळीस पावलं चालून गेली. बहिणीला बघून पोटभर रडली, मग चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी टेबलापुढे रांग लागली. कुणाची लेक पलीकडे, कुणाची म्हैस, कुणाचा पत्त्यांतला जोडीदार. आठवडाभरात सरपंचासकट सगळं गाव बारा देशांत वाटलं गेलं आणि लढाई शिस्तीत चालू राहिली. स्थानिक म्हणून एकटी गोजराक्का उरली, कारण तिला खाटेवरून उठता येत नव्हतं.

एका सकाळी साहेब कागद घेऊन तिच्या उशाशी आले. “आता या यादवीच्या दोन्ही बाजू आपणच आहात. आपण समझोता केलात तर ती आजच संपेल.”

“आना हिकडं. लई झालं.” गोजराक्काने अंगठा शाईत बुडवला आणि थबकली. “मिटल्यावर तुमी काय करनार?”

“सर्व परदेशी नागरिक चोवीस तासांत देश सोडतील. तसा नियम आहे.”

“समदे?”

साहेबांनी यादी चाळली. “सर्व. या बाईंनाही बेटावर जावं लागेल. बोटीची सोय आहे.”

चुलीपुढे दुर्पदाबाईचा हात जागीच थांबला.

गोजराक्काने अंगठा लुगड्याला पुसला. “ल्ह्या मंग. वरच्या आळीवर माझा लई राग हाय.”

“आणि खालच्या?”

“तिच्यावर त्याच्याहून.”

साहेबांनी लिहून घेतलं, आभार मानले आणि दोन्ही आळ्यांना दगड मंजूर केले. थोड्या वेळाने बाहेर गोफणी सुटल्या. शेजारचं एक कौल फुटलं.

“दुर्पे,” गोजराक्का म्हणाली, “भाकर करपतीया. उलट ती.”